'सोशल कॉग्निशन'साठी मराठी शब्द : 'सामाजिक जाण' चालेल का?

टाकबोरू :
पार्किन्सन्स झालेल्यांच्या घरच्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. 'सोशल कॉग्निशन'पाशी अडलेय. समोरच्याचा चेहरा, आवाजाची पट्टी, बोलण्यातली खोच यांवरून त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, असा अर्थ हवाय. आजाराच्या सुरुवातीलाच काही जणांमध्ये ही क्षमता उणावते. सध्या 'सामाजिक जाण' लिहिलंय.

अर्धविराम :
नको हो! सामाजिक जाण असलेला लेखक म्हटलं की दुष्काळावर, जातीवर लिहिणारा डोळ्यांपुढे येतो. 'सामाजिक भान'चंही तेच. तुमचं पत्रक वाचून घरच्यांना वाटेल की बाबांना आता जगाची पर्वा उरणार नाही.

टाकबोरू :
मग नुसतं 'समज'?

अर्धविराम :
'समज कमी झाली' म्हणजे बुद्धी गेली, असंच वाचलं जाईल.

रानवारा :
आणि तसं वाचलं जाणं फार चुकीचं ठरेल. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन केलं तेव्हा इंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात असं लिहिलं. पुढे बराच काळ हा हालचालींचाच आजार मानला गेला. पण डोपामिन, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन, कमी पडलं की मेंदूतली चेतापेशींची जी मंडलं बिघडतात, ती फक्त हातपाय चालवत नाहीत. त्यांतली काही कपाळामागच्या भागाशी आणि भावनांशी संबंधित केंद्रांशीही जोडलेली असतात. त्यामुळे स्मरणशक्ती चांगली, हिशेब चोख, पण समोरचा वैतागलाय हे लक्षातच येत नाही, असं होऊ शकतं. राग, भीती, किळस, दुःख असे भाव चेहऱ्यावरून ओळखणं अनेक अभ्यासांत अवघड गेलेलं दिसतं. उपरोध शब्दशः घेतला जातो. तपासण्याही त्याच धाटणीच्या असतात : नुसत्या डोळ्यांचे फोटो दाखवून भाव विचारायचा, किंवा कुणी नकळत भलतंच बोलून गेल्याची गोष्ट सांगून 'यात काय खटकलं?' असं विचारायचं.

२०१३च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, आकलनाची सहा क्षेत्रं दिली आहेत, त्यांत स्मृती, भाषा यांच्या बरोबरीने 'सोशल कॉग्निशन'ही आहे. म्हणून अभ्यासकांसाठी 'सामाजिक आकलन' ठेवावं. पत्रकात मात्र मी 'दुसऱ्याचं मन ओळखणं' असंच लिहीन.

अर्धविराम :
'इंगित' विसरलात! न बोललेलं, हावभावातून कळणारं. 'इंगित ओळखणे' हा वाक्प्रयोग नेमका इथलाच आहे.

रानवारा :
शब्द सुंदर, पण आज 'यशाचं इंगित' एवढ्यापुरता उरलाय. पत्रकात तो कोड्यासारखा वाटेल. 'मनकवडा' तर नकोच, ती असामान्य शक्ती झाली. इथे रोजची साधी अटकळ म्हणायचीय.

टाकबोरू :
बरं. मग 'थियरी ऑफ माइंड'? 'मनाचा सिद्धांत' असं एका लेखात वाचलं.

रानवारा :
तो अनुवाद फसवा आहे. १९७८ मध्ये प्रीमॅक आणि वुड्रफ या मानसशास्त्रज्ञांनी चिंपांझींबद्दल प्रश्न विचारताना ही संज्ञा वापरली, तेव्हा सिद्धांत शास्त्रज्ञांचा नव्हता, प्राण्याने दुसऱ्याच्या मनाविषयी बांधलेला होता. 'परमनाची अटकळ' म्हणा. तिचे दोन पदर सांगा : तो काय विचार करतोय, आणि त्याला काय वाटतंय. दोन्ही एकदमच बिघडतील असं नाही.

टाकबोरू :
शेवटचा एक. स्नायू आखडून चेहरा हलेनासा होतो, त्याला 'निर्विकार चेहरा' म्हणू का?

अर्धविराम :
निर्विकार म्हणजे आत काही हलतच नाही! इथे आत सगळं आहे, बाहेर उमटत नाही.

रानवारा :
बरोबर. 'चेहऱ्यावर भाव कमी उमटणे' लिहा. आणि ते याच परिच्छेदात घ्या, कारण गोंधळ दुहेरी असतो : रुग्णाला बायकोचा चेहरा नीट वाचता येत नाही आणि बायकोला रुग्णाचा.