विषय: लॅपटॉप मध्येच गोठतो, लिनक्सवाले कोणी आहे का?

प्रेषक: खजिनदार
सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी,

वर्गणीची आठवण नाही, घाबरू नका. मंडळाचे हिशेब ज्या लॅपटॉपवर असतात तो गेले पंधरा दिवस दिवसातून दोन-तीनदा गोठतो. उबुंटू २२.०४ (लिनक्सचाच एक प्रकार), मशीन चार वर्षांचं, मेमरी ८ जीबी. काल ताळेबंद जुळत आला होता, फोन वाजला म्हणून उठलो, परत येऊन बघतो तर सगळं ठप्प. पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला, पुन्हा लावला, तर काही झालंच नाही अशा थाटात हजर. कोणाला यातलं कळत असेल तर सांगा. माझी मजल टर्मिनल उघडून दुसऱ्याने दिलेली ओळ टाइप करण्यापर्यंत आहे.

प्रेषक: सचिव

काका, सरळ पुसा आणि नव्याने इन्स्टॉल करा. दोन तासांचं काम. माझ्या भावाने केलं, नंतर तक्रार नाही.

प्रेषक: वेबसाइटवाला

काका, थांबा, काहीही पुसू नका. सचिवताई, राग मानू नका, पण नव्याने इन्स्टॉल करून दुखणं बरं झालं तरी ते काय होतं ते कळत नाही, आणि हार्डवेअरचं असेल तर दोन तास जाऊन दुखणं तिथेच.

काका, आज रात्री एकच करा: हिशेबाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. मग पुढचं.

‘गोठतो’ या एका शब्दात तीन-चार वेगळे आजार मावतात. पुढच्या वेळी बटण दाबायची घाई न करता बघा. माउसचा बाण हलतो का? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? न दाबताच तो दिवा उघडझाप करत असेल तर कर्नल पॅनिक, म्हणजे गाभ्यानेच हात टेकले. दिवा मख्ख असेल तर मशीन पूर्ण अडकलंय. दिवा दाबेल तसा लागतोय पण पडदा स्थिर असेल तर संशय ग्राफिक्सवर. तेव्हा कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळा पडदा मिळतो का बघा. बाण अडखळत अडखळत हलतोय आणि डिस्क सारखी चालू असेल तर मेमरी संपलीय. लॅपटॉप स्वतःहून फटकन बंद होत असेल तर आधी पंखा आणि धूळ.

पुन्हा सुरू झाल्यावर टर्मिनलमध्ये: जर्नलसीटीएल -बी -१ -ई. म्हणजे मागच्या खेपेच्या नोंदवहीचं शेवटचं पान. त्या शेवटच्या वीस ओळींचा फोटो पाठवा.

आणि बटण दाबून धरण्याआधी हे करून बघा: ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून, थोडं थोडं थांबत एस, यू, बी. डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाक, डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव, पुन्हा सुरू हो, असे ते तीन हुकूम. उबुंटूत हे तिन्ही मुळातच चालू असतात.

प्रेषक: ग्रंथपाल

माझा अनुभव सांगते. माझ्या लॅपटॉपवर आज ब्राउझरचा टॅब मरायचा, उद्या फाइल उघडताना बिघडलेली निघायची, परवा पूर्ण मशीन बसायचं. मी महिनाभर लिनक्सला बोल लावत होते. शेवटी मेमटेस्ट८६+ ही मेमरीची चाचणी पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवलं, सकाळी पडद्यावर लाल ओळीच ओळी. मेमरीची पट्टी बदलली, संपलं. खजिनदारांनीही ती चाचणी करावी. एका फेरीवर समाधान मानू नये, माझी चूक तिसऱ्या फेरीत सापडली.

प्रेषक: खजिनदार
बुधवार

फायली उतरवल्या. मावशींची चाचणीही रात्रभर चालवली: चार फेऱ्या, चुका शून्य.

आज दुपारी पुन्हा गोठला. बाण अगदी सुरळीत हलतो. कॅप्स लॉकचा दिवा लागतो. गंमत म्हणजे उघड्या तक्त्यात आकडे टाइपही होतात! पण सेव्ह केलं की गोल फिरत बसतं आणि नवीन काही उघडत नाही. टर्मिनल आधीच उघडं होतं, त्यात काहीही लिहिलं की ‘इनपुट/आउटपुट एरर’. नोंदवहीत मात्र काही नाही रे. २ वाजून १२ मिनिटांची एक साधी ओळ, आणि पान संपलं. त्यामुळे तुला पाठवण्यासारखं काही नाही.

प्रेषक: सचिव

> नोंदवहीत मात्र काही नाही

म्हणजे पुन्हा इन्स्टॉलच ना?

प्रेषक: वेबसाइटवाला

नाही! काका, तुम्ही पाठवण्यासारखं सगळं पाठवलंत.

नोंदवही कुठे लिहिली जाते? डिस्कवर. मरणारी गोष्ट डिस्कच असेल तर स्वतःच्या मरणाची नोंद ती कशी करणार? मेमरीत जे आधीच आलेलं आहे (बाण, उघडा तक्ता, टर्मिनलची खिडकी) ते चालत राहतं. डिस्कवरून काही आणायचं किंवा तिच्यावर लिहायचं म्हटलं की अडतं. कोरं पान आणि इनपुट/आउटपुट एरर, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. मावशी, मेमरीची पट्टी खराब असती तर रोज नवं सोंग दिसलं असतं, तुमच्याकडे दिसलं तसं. काकांचं सोंग रोज तेच आहे.

आता दोन प्रश्न. गोठतो तेव्हा तुम्ही काम करत असता की तो नुसता पडून असतो? आणि पुन्हा सुरू करताना डिस्क न सापडल्याचा मेसेज कधी आला होता का?

एक सापळाही लावू. सकाळी टर्मिनल उघडून सुडो डीमेसेज -डब्ल्यू हा आदेश द्या (डी-एम-ई-एस-जी असं लिहायचं, म्हणायचं डीमेसेज) आणि ती खिडकी दिवसभर उघडी ठेवा. कर्नल जे बोलतं ते डिस्कवर न जाता थेट तिथे उमटतं. गोठला की मोबाइलने फोटो काढा.

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार

अरे, तू काय भविष्य बघतोस का? बहुतेक वेळा मी जागेवर नसतो. फोन, चहा, दारावर कोणी. आणि हो, गेल्या आठवड्यात एकदा पुन्हा सुरू करताना ‘बूट करायला डिस्क नाही’ असं काहीतरी आलं होतं. पूर्ण बंद करून परत लावला तर आला, म्हणून मी ते विसरून गेलो होतो.

सापळ्यात सापडलं. फोटो तुला वेगळा पाठवलाय, सगळ्यांसाठी उतरवतो: ‘एनव्हीएमई०: कंट्रोलर इज डाउन, विल रिसेट’, पुढे एफएफएफएफएफएफएफएफ. त्याखाली चक्क प्रश्न विचारलाय की तुमच्या उपकरणाची वीजबचत सदोष तर नाही ना! मग ईएक्सटी४च्या चुकांची रांग.

प्रेषक: वेबसाइटवाला

सापडलं! सगळे एफ म्हणजे कर्नलने डिस्कला हाक मारली आणि पलीकडून कोणी ओ दिलीच नाही. ईएक्सटी४ म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत, तिच्या चुका त्यामुळेच.

कारण असं. एनव्हीएमई डिस्कला (तुमच्यातली वेगवान चिपवाली डिस्क) काम नसलं की ती आपणहून डुलकी घेते, जितका वेळ रिकामी तितकी गाढ. लिनक्सने ही सोय ४.११ या कर्नलपासून, म्हणजे २०१७ पासून, वापरायला घेतली. काही डिस्कांचं फर्मवेअर (त्यांच्या आतलाच प्रोग्राम) किंवा लॅपटॉपचा बोर्ड असा असतो की गाढ झोपेतून ती उठतच नाही. म्हणून तुम्ही उठलात की ती झोपते.

फोटोतल्या प्रश्नापुढे अवतरणचिन्हात उपायही लिहिलाय. तुमचं कर्नल नवं, ६.८चं, म्हणून ही मेहरबानी. त्यातला फक्त पहिला शब्द घ्या, ‘एनव्हीएमई_कोअर’ने सुरू होणारा आणि ‘=०’ने संपणारा. पुढचा पीसीआयवाला आत्ता नको. दोन्ही एकदम घातले तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

आधी तात्पुरतं. सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, पहिल्या ओळीवर ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून तो शब्द लिहा, एफ१० दाबा. चुकलं तरी पुढच्या खेपेला आपोआप पुसलं जातं, त्यामुळे बिनधास्त. लागू झालं का ते ‘कॅट /प्रोक/सीएमडीलाइन’ने दिसेल. मग लॅपटॉप मुद्दाम रिकामा ठेवून फिरायला जा.

गुण आला तर तोच शब्द /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फायलीत ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे, अवतरणचिन्हाच्या आत लिहा आणि सुडो अपडेट-ग्रब चालवा. डिस्क गाढ झोपणार नाही, म्हणून बॅटरी थोडी लवकर उतरेल. आणि डिस्कची तब्येत सांगणारा स्मार्टसीटीएल -ए हा आदेश चालवून ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’पुढे शून्य आहे ना ते बघा. आकडा असला तर मात्र झोपेचं निमित्त सोडा, डिस्कच बदला.

प्रेषक: ग्रंथपाल

हे माझ्या मेमटेस्टपेक्षा भारी निघालं. फर्मवेअरचं नवं रूप आलंय का तेही बघायला सांग त्यांना.

प्रेषक: वेबसाइटवाला

बरोबर मावशी, राहिलंच. काका, टर्मिनलमध्ये: एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर रिफ्रेश, मग एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स. तुमच्या डिस्कचं किंवा बायॉसचं (लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामचं) काही दिसलं तर चार्जर लावून, बॅकअप ताजा करून मगच घाला. फर्मवेअर चढत असताना फोन वाजला तरी उठू नका.

प्रेषक: खजिनदार
पुढच्या आठवड्याचा रविवार

नऊ दिवस झाले, एकदाही गोठला नाही. ओळ कायमची घातली, चुकांपुढे शून्य आहे, बायॉसचं नवं रूप निघालं तेही चार्जर लावून चढवलं. बॅटरीतला फरक मला तरी जाणवला नाही. सचिवताई, ताळेबंद शुक्रवारपर्यंत पाठवतो. तो अजून जुळत नाही, पण यात लिनक्सचा हात नाही.