एकाच पॉडवर लॉगिन नीट, तीन पॉडवर अधूनमधून ‘अनेबल टू अनप्रोटेक्ट’

खिडकीपाशी: वेब ॲप एएसपी डॉट नेट कोअर ८ मध्ये, लिनक्स कंटेनर, कुबरनेटीसवर ३ पॉड (ॲपच्या तीन चालू प्रती), पुढे लेयर ४ लोड बॅलन्सर (कनेक्शन पॉडमध्ये वाटणारा). लॉगिन ओपनआयडी कनेक्टने (वेगळ्या लॉगिन सर्व्हरकडून), सेशन कुकीत. लॉगिनहून परतताना कधी ‘अनेबल टू अनप्रोटेक्ट द मेसेज.स्टेट’, कधी फॉर्म पाठवताना ४०० (विनंती नाकारली). पुन्हा केलं की चालतं. डिप्लॉय झालं की सगळे लॉगआउट. रेप्लिका (पॉडची संख्या) १ केली की तक्रार शून्य. कुठून शोधू?

दगडी_चाळ: लॉगमध्ये ‘की रिंग’ (किल्ल्यांचा जुडगा) शोधा. ‘वॉज नॉट फाउंड इन द की रिंग’ दिसलं तर निदान झालं. कुकी, लॉगिनचा ‘स्टेट’ आणि अँटिफोर्जरी टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय याची खूण) डेटा प्रोटेक्शनच्या, म्हणजे डॉट नेटच्या एन्क्रिप्शन यंत्रणेच्या, किल्लीने बंद होतात, आणि तुमच्याकडे प्रत्येक पॉड ती किल्ली आपल्याच डिस्कवर बनवतोय. पॉड गेला, किल्ली गेली. अधूनमधून एवढ्यासाठीच, की कनेक्शन उघडं असेपर्यंत विनंत्या त्याच पॉडकडे जातात. नवं उघडलं की नशीब.

किल्ल्या सामायिक जागी ठेवा: ‘पर्सिस्टकीजटूस्टॅकएक्सचेंजरेडिस’ (रेडिस म्हणजे मेमरीत चालणारा डेटाबेस) किंवा ब्लॉब स्टोरेज. ‘सेटॲप्लिकेशननेम’ सगळीकडे एकच. रेडिस असेल तर डिस्कवर लिहिणं चालू हवं आणि इव्हिक्शन (मेमरी भरली की काय काढायचं तो नियम) ‘ऑलकीज-एलआरयू’ नको, नाहीतर तीच किल्ली हकालली जाईल. पहिल्यांदा रेप्लिका १ ठेवून किल्ली बनू द्या, मग ३.

सहीशिक्का: एक राहिलं. जागा स्वतः ठरवली की किल्ल्यांचं आपोआप होणारं एन्क्रिप्शन बंद होतं. ‘प्रोटेक्टकीजविथसर्टिफिकेट’ लावा, नाहीतर रेडिस वाचता येणारा कुणीही कुकी बनवेल. स्टिकी सेशनच्या (एका युजरला कायम एकाच पॉडकडे पाठवायच्या) नादी लागू नका. पॉड रीस्टार्ट झाला की परत तेच.

खिडकीपाशी: केलं. ४०० आणि ‘अनेबल टू अनप्रोटेक्ट’ गेले. पण एपीआयवर अजून क्वचित ४०१ (ओळख नाकारली) येतो, लॉगमध्ये एरर कोड आयडीएक्स१०२२२. टोकन ताजंच असतं.

दगडी_चाळ: हे वेगळं दुखणं. १०२२२ म्हणजे टोकनची ‘एनबीएफ’ (नॉट बिफोर, टोकन कधीपासून चालेल ती) वेळ अजून आलेली नाही, थोडक्यात तुमच्या नोडचं (पॉड चालतो त्या मशीनचं) घड्याळ मागे आहे. मूळ ‘क्लॉकस्क्यू’ (घड्याळातल्या फरकाची सवलत) ५ मिनिटं असतो, त्यात हे सहज खपतं. कुणीतरी ‘टाइमस्पॅन.झीरो’ केलंय का बघा. नेटवरच्या बऱ्याच नमुना कोडमध्ये ते असतं. ६० सेकंद ठेवा आणि नोडवर ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ चालवा, घड्याळ किती चुकलंय ते दिसेल. कंटेनर घड्याळ नोडचंच वापरतो, पॉडमध्ये वेळ बदलायला जाऊ नका.

खिडकीपाशी: झीरोच होतं. एक नोड ४ सेकंद मागे.