मदत हवी आहे: रेडिओलॉजीतील रिक्त पदे आणि वाया जाणारी वीज, संशोधनाला निधी कुठून?
सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात रेडिओलॉजी शिकवते. तंत्रज्ञांची पदे रिक्त, त्यामुळे ओपीडीचे सीटी मशीन संध्याकाळी बंद करून सकाळी पुन्हा तयार करायला माणूस नसतो. ते रात्रभर चालूच राहते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील विद्यापीठ रुग्णालयाच्या २०२०च्या अभ्यासात सीटीची सुमारे दोन तृतीयांश वीज स्कॅन होत नसतानाच खर्च झाल्याचे दिसले. आपल्याकडे हे मोजायलाच हवे.

गरज फक्त वीजमीटर आणि वर्षभर एका संशोधन सहायकाची. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे. महाविद्यालयाच्या निधीतून पगार देता येत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस ही अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती विद्यार्थ्यांसाठी आहे. मशीन विकणाऱ्या कंपनीचा पैसा नको, निष्कर्षांवर शंका येईल.

मनुष्यबळ आणि पर्यावरण एकाच प्रस्तावात मांडले तर आयसीएमआरच्या एक्स्ट्राम्युरल (बाहेरच्या संस्थांतील संशोधनाला निधी देणाऱ्या) योजनेत चालते का, की दोन वेगळे अर्ज करावेत?