शब्दचर्चा : निम्फ, माशी आणि ‘बांधणे’

प्रश्न : इंग्लंडमधल्या ट्राउट मासेमारीवरचा मजकूर मराठीत आणते आहे. ‘फेझंट टेल निम्फ’साठी (फेझंट या पक्ष्याच्या शेपटीतल्या पिसाने गळावर बनवलेलं नकली आमिष) ‘तितराच्या शेपटीची अळी-माशी दोऱ्याने बांधणे’ असं लिहिलं तर चालेल का? शब्दकोशात निम्फ म्हणजे अप्सरा, नाहीतर अळी.

• अळी नको. अळी कोषात जाते आणि मग तिला पंख फुटतात. निम्फला कोषावस्थाच नसते. शेतीच्या पुस्तिकांत तुडतुड्यांबद्दल ‘पिल्ले व प्रौढ रस शोषतात’ असं असतं, त्यातलं पिल्लू म्हणजे निम्फ. चतुराचं पाण्यात वाढणारं पिल्लूही निम्फच. या आमिषात नक्कल आहे ती मेफ्लाय या नाजूक, उडणाऱ्या कीटकाच्या पिल्लाची. एकदा ‘पाण्यातलं पिल्लू’ असा खुलासा करा, पुढे खुशाल निम्फ लिहा.

तितरही चूक. तितराची शेपटी आखूड असते. लागतात ते नर फेझंटच्या शेपटीतल्या लांब, मधल्या पिसाचे तांबूस तंतू.

• ‘माशी’ तर गाळाच. निम्फला पंख नसतात आणि तो पाण्याखाली चालवायचा असतो. शिवाय अनेकवचनात ‘माश्यांना’ आणि ‘माशांना’ शेजारी आले की कोण कोणाला खातंय ते कळत नाही. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या प्रकाराला ‘नकली माशी’ ठीक आहे.

• मुख्य अडचण ‘दोऱ्याने’ची आहे. हा निम्फ विल्टशरमधल्या एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांचा, आणि त्यांच्या कृतीत दोरा नाहीच. केसासारखी बारीक, तांबूस तांब्याची तार हाच दोरा आणि हेच वजन. गळ १४ किंवा १६ नंबरचा. दांडीवर तारेचे वेढे द्यायचे, वक्षाच्या जागी थोडा फुगवटा आणायचा आणि तार बाकाशी नेऊन सोडायची. तिथे ४ तंतू शेंड्यांकडून बांधायचे. शेंडे जेमतेम ३ मिमी बाहेर राहिले की झाली शेपटी. मग तंतू आणि तार एकत्र पिळून नेढ्यापर्यंत गुंडाळायचे. तिथे तार वेगळी करून तंतू फुगवट्यावरून मागे, पुन्हा पुढे असे दुमडायचे, दर वेळी तारेने आवळायचे. ही पंखांची कळी. शेवटी तारेचेच दोन-तीन फास.

पीळ महत्त्वाचा. नुसते तंतू गुंडाळले तर ट्राउटच्या दातांनी पहिल्या-दुसऱ्या माशालाच तुटतात. तार गळाच्या टोकाला घासली की तीही तुटते. नेढ्यामागे मिलिमीटरभर जागा सोडली नाही तर फास नेढ्यावर चढतात आणि दोरी ओवता येत नाही. पाय लावायचे नाहीत, कारण हे पिल्लू पोहताना पाय अंगाशी घेतं, असं सॉयर यांचं निरीक्षण होतं. पायांसाठी मऊ पिसं लावलेले निम्फ हळू बुडतात.

• म्हणजे क्रियापद ‘बांधणे’ ठेवू की बदलू?

• शीर्षकात ‘निम्फ बांधणे’ राहू द्या, तंतू तर बांधतोच. कृतीत मात्र वेढे देणे, पिळणे, दुमडणे, आवळणे असे नेमके शब्द वापरा. ‘गळाचा डोळा’ लिहू नका. सुईला असतं तसं गळालाही नेढंच.

• पुढे ‘इंड्यूस्ड टेक’ येईलच. हा शब्द मासेमारीवर लिहिणारे ऑलिव्हर काइट यांनी रूढ केला. निम्फ प्रवाहाच्या वरच्या बाजूला, माशाच्या बराच पुढे टाकतात, म्हणजे माशाजवळ येईतो निम्फ माशाच्याच खोलीवर बुडालेला असतो. तेवढ्यात काठीचं टोक हलकेच उचललं की निम्फ वर सरकतो, पिल्लू पृष्ठभागाकडे निघाल्यासारखा, आणि ट्राउट झडप घालतो. हाताला झटका बसेपर्यंत थांबलं तर मासा निम्फ थुंकून मोकळा होतो. नजर दोरी पाण्यात शिरते तिथे हवी: ती अडली, बुडली किंवा माशाच्या तोंडाची पांढरी चमक दिसली की लगेच काठी उचलायची. कोकणात गरवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही. ‘टेक’ला मी ‘घास’ म्हणेन आणि या प्रकाराला ‘उचलून दिलेला घास’. ‘प्रेरित ग्रहण’ मात्र कृपा करून नको.