मदत हवी आहे : डेबियन १३ बसवल्यावर जुनी खाती उघडत नाहीत आणि फाइलींचे मालक बदललेले दिसतात

नमस्कार.

आमच्या सार्वजनिक वाचनालयातील मुख्य संगणकावर उबुंटू २०.०४ ही लिनक्स प्रणाली होती. त्या आवृत्तीला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने मे २०२५ मध्ये बंद झाल्यामुळे आम्ही त्या जागी डेबियन १३ ही दुसरी लिनक्स प्रणाली बसवली आहे. हार्ड डिस्कवर 'होम'चे, म्हणजे सर्व खात्यांच्या फोल्डरांचे, पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र विभाग) पहिल्यापासून वेगळे होते, म्हणून ते फॉरमॅट न करता जसेच्या तसे जोडले आणि केवळ मूळ प्रणालीचे पार्टिशन नव्याने लिहिले. बसवताना रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड ठरवून दिला आणि 'व्यवस्था' नावाचे पहिले खाते उघडले. त्यानंतर 'ग्रंथपाल', 'देवघेव' आणि 'अभ्यासिका' ही जुनी तीन खाती त्याच नावांनी पुन्हा तयार केली. त्यांची जुनी फोल्डरे 'होम'मध्ये तशीच असल्यामुळे सर्व काही आपोआप जुळेल, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात तिन्ही जुन्या खात्यांचा पासवर्ड स्वीकारला जातो, क्षणभर पडदा काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचेच पान समोर येते. 'व्यवस्था' हे खाते मात्र व्यवस्थित उघडते. पण त्यातून सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याची सोय) वापरू गेल्यास हे नाव सुडोअर्सच्या, म्हणजे तशी मुभा असलेल्यांच्या, यादीत नाही असा संदेश येतो, आणि 'सु' ही खाते बदलण्याची कमांड देऊन रूट झाल्यावर खाती जोडणारी ॲडयुजर ही कमांड सापडतच नाही.

अधिक काळजीची बाब अशी, की आमची दाखल नोंदवही आणि सभासदांची यादी 'सामायिक' नावाच्या फोल्डरात आहे. ती बदलण्याचा अधिकार पूर्वी फक्त ग्रंथपाल आणि देवघेव या खात्यांना होता. अभ्यासिकेत येणाऱ्या विद्यार्थ्यांना ती केवळ वाचता येत असे. मजकूर-कन्सोलवरून (डेस्कटॉपशिवायच्या, केवळ अक्षरांच्या पडद्यावरून) तपासले असता आता ग्रंथपालाला त्या फोल्डरात नवी फाइल करता येत नाही, आणि अभ्यासिकेला मात्र येते. हे उलटे कसे झाले, ते समजून घेतल्याशिवाय परवानग्या सरसकट खुल्या करण्याची माझी इच्छा नाही. बाहेरच्या डिस्कवर संपूर्ण प्रत घेतलेली आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

परवानग्या खुल्या केल्या नाहीत, हे फार चांगले केलेत; एकदा सगळ्यांना सगळे अधिकार दिले, की मूळ रचना काय होती याचा मागच उरत नाही. एलएस ही फोल्डरांची यादी दाखवणारी कमांड 'एल' आणि 'एन' या दोन पर्यायांसह 'होम'वर चालवावी, म्हणजे मालकांच्या नावांऐवजी क्रमांक दिसतील. त्यासोबत चारही खात्यांवर आयडी ही खात्याचे व गटाचे क्रमांक दाखवणारी कमांड चालवून दोन्हींचे निष्कर्ष येथे द्यावेत.

प्रश्नकर्ता

'होम'मधील फोल्डरांचे मालक असे आहेत : ग्रंथपाल १०००, देवघेव १००१, अभ्यासिका १००२. व्यवस्थाचे फोल्डरही १००० याच क्रमांकाचे आहे. 'सामायिक'चा मालक १००० आणि गट १००३ आहे. आयडी मात्र असे दाखवते : व्यवस्था १०००, ग्रंथपाल १००१, देवघेव १००२, अभ्यासिका १००३, प्रत्येकाच्या स्वतःच्या गटाचा क्रमांकही तोच आहे.

प्रतिसाद १

या आकड्यांतच संपूर्ण उत्तर आहे. लिनक्स फाइलीवर मालकाचे नाव लिहीत नाही, क्रमांक लिहिते. नाव आणि क्रमांक यांची जोडी 'पासडब्ल्यूडी' फाइलीत असते, आणि ती फाइल मूळ प्रणालीच्या पार्टिशनवर असल्यामुळे नव्याने तयार झाली. माणसांची खाती १००० पासून क्रमाने दिली जातात. उबुंटूवर १००० हा क्रमांक ग्रंथपालाचा होता, तो आता व्यवस्थाकडे गेला आणि पुढची तिन्ही खाती एकेक पायरी सरकली. त्यामुळे ग्रंथपालाला स्वतःच्याच फोल्डरात लिहिता येत नाही, आणि डेस्कटॉपला सुरू होताना तेथे फाइली लिहाव्याच लागतात. म्हणून डेस्कटॉप लॉगिनच्या पानाकडे मागे फिरतो. सामायिक गटाचा जुना क्रमांक १००३ होता, तोच आता अभ्यासिकेच्या खासगी गटाला मिळाला आहे. विद्यार्थ्यांच्या खात्याला नोंदवहीचा अधिकार मिळाला तो याच वाटेने.

येथे दोन मार्ग आहेत. फाइलींचे मालक बदलण्याचा मार्ग मी सुचवणार नाही. 'सामायिक'मध्ये तिघांच्या फाइली मिसळलेल्या असतील, तर १००० चे १००१ आधी केल्यास ग्रंथपालाच्या आणि देवघेवच्या फाइली एकाच क्रमांकाखाली येतील आणि त्या पुन्हा वेगळ्या काढता येणार नाहीत. ते काम करायचेच झाले तर सर्वांत मोठ्या क्रमांकापासून खाली यावे लागते. शिवाय बाहेरच्या डिस्कवरील प्रतीत जुनेच क्रमांक राहतील. त्यापेक्षा फाइलींना हात न लावता खात्यांचेच क्रमांक पूर्ववत करावेत.

संगणक पुन्हा सुरू करून कोणत्याही खात्यात न जाता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात आणि तेथे थेट रूट म्हणून प्रवेश करावा, कारण खाते वापरात असताना युजरमॉड ही खाते बदलण्याची कमांड त्याचा क्रमांक बदलू देत नाही. प्रथम व्यवस्थाला बाजूला करावे : युजरमॉडला लहान 'यू' हा पर्याय आणि १०१० हा क्रमांक द्यावा, ग्रुपमॉड या गट बदलण्याच्या कमांडला 'जी' हा पर्याय देऊन त्याचा गटही १०१० करावा, आणि त्याच्या फोल्डरावर मोठ्या 'आर'सह सीएचओन (मालक बदलण्याची कमांड) चालवून मालक व गट दोन्ही जुळवावेत. मग ग्रंथपाल १०००, देवघेव १००१ आणि अभ्यासिका १००२, अशाच क्रमाने खाते आणि गट बदलावेत. प्रत्येक वेळी खालची जागा आधीच मोकळी झालेली असेल. शेवटी १००३ मोकळा होतो. तो क्रमांक देऊन सामायिक गट नव्याने तयार करावा आणि त्यात फक्त ग्रंथपाल व देवघेव यांना घ्यावे.

प्रतिसाद २

सुडोबद्दल : डेबियन बसवताना रूटला पासवर्ड दिला, तर पहिल्या खात्याला सुडो गटात घेतले जात नाही, पासवर्ड रिकामा ठेवला तरच घेतले जाते. रूट म्हणून ॲडयुजरला आधी खात्याचे आणि मग गटाचे नाव दिले, की काम होते. फक्त त्यानंतर एकदा लॉगआउट करावे लागते. डेबियन १० पासून नुसते 'सु' दिल्यास आधीच्या खात्याचेच कमांड शोधण्याचे मार्ग कायम राहतात, त्यामुळे एसबिन या व्यवस्थापनाच्या कमांडांच्या फोल्डरातील कमांड सापडत नाहीत. 'सु'नंतर जागा सोडून एक आडवी रेघ द्यावी.

प्रश्नकर्ता

सांगितलेल्या क्रमाने सर्व बदल केले. तिन्ही खाती उघडतात, ग्रंथपालाचे मराठी कीबोर्डचे जुने सेटिंगही तसेच मिळाले आणि व्यवस्थातून सुडो चालते. अभ्यासिकेच्या खात्यातून दाखल नोंदवही उघडून पाहिली. ती केवळ वाचण्यासाठी उघडली आणि साठवण्यास नकार मिळाला. एकच विचारायचे आहे : 'सामायिक'मध्ये नव्याने केलेल्या फाइलीलाही सामायिक हाच गट मिळेल ना?

प्रतिसाद १

फोल्डराच्या परवानग्यांत गटाच्या तीन अक्षरांपैकी शेवटच्या जागी 'एक्स'ऐवजी 'एस' दिसत असेल, तर मिळेल. दिसत नसेल, तर सीएचमॉड या परवानग्या बदलण्याच्या कमांडला 'जी अधिक एस' देऊन ते लावून घ्यावे. ते फक्त पुढे होणाऱ्या फाइलींना लागू होते.

प्रश्नकर्ता

'एस' आहे. दोघांचेही मनःपूर्वक आभार.