साकळणं, तुंबणं की चोंदणं?

— आईच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. डॉक्टर म्हणाले, चरबीमुळे यकृतात रक्त नीट फिरत नाही. मी मावशीला फोनवर सांगितलं, "लिव्हरमध्ये रक्त साकळतंय," तर ती रडायलाच लागली. इथे नेमकं क्रियापद कोणतं?

— साकळणं तर नक्कीच नाही! मुका मार लागला की कातडीखाली रक्त साकळतं, म्हणजे साचून काळंनिळं होतं. यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं. त्यातलं जवळपास पाऊण हिस्सा आतड्यांकडच्या पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. पुढे ते पेशींच्या रांगांमधल्या बारीक वाटांनी जातं. या वाटांचं अस्तर चाळणीसारखं भोकाभोकांचं असतं. चरबीने पेशी फुगल्या की वाट चिंचोळी होते. अस्तरातून नायट्रिक ऑक्साईडही कमी सुटतं, मग ती सैल पडत नाही. रक्त वाहतंच, पण रेटा लागतो.

— मग 'चोंदणं' चालेल? नाक चोंदतं तेव्हाही आतलं अस्तर सुजूनच वाट अरुंद होते.

— वा, हे पटलं. 'तुंबणं' मात्र पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. काही जणांत वर्षानुवर्षांनी यकृत घट्ट, गाठाळ होतं, त्याला सिरॉसिस म्हणतात. तेव्हा पोर्टल शिरेतला दाब चढतो आणि रक्त खरोखर मागे तुंबतं. पाणथरी (प्लीहा) वाढते, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात, जलोदर होतो. मोरी पुढे बुजली की पाणी मागे चढतं, तसंच. फॅटी लिव्हर असलेल्या बहुतेकांवर ही पाळी येत नाही, हे मावशींना आधी सांगा.

— अवांतर: 'फॅटी' शब्दाने रुग्णाला हिणवल्यासारखं होतं म्हणून 2023 मध्ये इंग्रजी नाव बदलून 'स्टिॲटॉटिक' केलं. आता त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशीही चरबीच आहे, ते सोडा.

— आणि 'यकृत' तरी घरात कोण म्हणतं? मटणाच्या दुकानात 'काळीज' मागितलं की यकृतच मिळतं. बोलताना मात्र आपण ते छातीत नेऊन ठेवलंय.

— सगळ्यांचे आभार. मावशीला आत्ताच सांगितलं, "आईचं काळीज जरा चोंदलंय, बाकी काही नाही." ती म्हणाली, "अगं बाई! म्हणजे अँजिओप्लास्टी करावी लागणार?"