शब्दचर्चा: ‘स्टेट ट्रेझरर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: अमेरिकेतल्या राज्यकारभारावरचा एक लेख मराठीत आणते आहे. तिथल्या बहुतेक राज्यांत ‘स्टेट ट्रेझरर’ लोकांमधून निवडून येतो. मी ‘राज्य कोषाध्यक्ष’ लिहिले, तर घरचे म्हणाले, हा गणेशमंडळातला वाटतो. ‘कोषागार अधिकारी’ चालेल?

– नको. तो आपल्याकडे वित्त विभागाच्या हाताखालचा सरकारी नोकर, निवडून येत नाही. शिवाय आता कोषागारात बिले तपासून मंजूर होतात, पैसा बँकेत असतो. माझ्या वडिलांना तर कोषागार म्हटले की फक्त पेन्शन आठवते.

– कौटिल्याचा ‘सन्निधाता’ घ्या की! कर गोळा करणारा समाहर्ता, कोठार आणि कोश सांभाळणारा सन्निधाता.

– शब्द देखणा आहे, पण वाचक अर्थ शोधत बसेल. त्यापेक्षा शब्दांची शेपटे बघा. ‘-दार’ म्हणजे बाळगणारा, ‘-नीस’ (नवीस) म्हणजे लिहिणारा, दोन्ही फारसी. मराठेशाहीत खजिन्याचा पैसा पोतदार बघे, त्याचा हिशेब पोतनीस लिही. पोतदार नाणीही पारखून घ्यायचा, म्हणून तर गावोगावच्या सोनारांना पोतदार म्हणू लागले. जामदाराकडे जामदारखाना: ‘जामा’ म्हणजे वस्त्र, पण तिथे दागदागिनेही असत. फडणीस म्हणजे खजिनदार असा पुष्कळांचा समज असतो. तोही ‘नीस’च, दप्तराचा माणूस. (त्यातला ‘फड’ मराठी की फारसी ‘फर्द’, हा वाद वेगळा.)
अमेरिकेतही साधारण हीच वाटणी आहे. ट्रेझरर पैसा सांभाळतो आणि गुंतवतो. हिशेबावर नजर कंट्रोलर किंवा ऑडिटरची. म्हणून ट्रेझरर ‘दार’च हवा: राज्य खजिनदार. टेक्सासने तर १९९६ मध्ये हे पदच मोडीत काढून काम कंट्रोलरकडे दिले. दार गेला, नीस राहिला!

– पण मंडळात खजिनदारही असतो हो!

– असू दे. ‘खजिना’ म्हटल्यावर निदान पावतीपुस्तक डोळ्यापुढे येत नाही.

– जाता जाता: कोष की कोश?

– संस्कृतात दोन्ही. मराठीत शब्दकोश ‘श’ने आणि कोषागार ‘ष’ने लिहायची सवय पडली आहे.

– ‘राज्य खजिनदार’ ठरले. पहिल्या उल्लेखात ‘लोकांनी निवडून दिलेला’ एवढे जोडते.